४८ तासांत लातूर ते दुबई: स्वॅब कुठं द्यायचा, विमान कुठून धरायचं?

मांजराकाठ | १२ जानेवारी २०२२, रात्री ९:४०

आई-बाबांना (५८ आणि ६३) फेब्रुवारीत महिनाभर बहिणीकडं दुबईला पाठवायचंय. व्हिजिट व्हिसा आलाय, कोविशील्डचे दोन्ही डोस झालेत. अडलंय ते तासांवर. निघताना ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटीपीसीआर लागतो आणि वर विमानतळावर उड्डाणाआधी ६ तासांच्या आत रॅपिड पीसीआर. लातूरहून मुंबई गाठण्यातच एक रात्र जाते, आणि एसटीचा संप काही मिटेना.

तर स्वॅब लातुरात द्यावा का मुंबईत? विमान मुंबईहून बरं का हैदराबादहून? आणि परत येताना काय काय लागतं? नक्की माहीत असेल तेच सांगा, व्हॉट्सॲपवरचं इकडं ढकलू नका राव.

तिकीटमास्तर | रात्री १०:०५

विमानाच्या वेळेपासून मागं मोजत या. समजा विमान गुरुवारी रात्री ९ चं. ४८ तासांची हद्द मंगळवारी रात्री ९ ला सुरू झाली, म्हणजे मंगळवारी दिवसा दिलेला स्वॅब वाया. बुधवारी सकाळी ९ ला द्या, संध्याकाळी रिपोर्ट घ्या, रात्रीची लातूर-मुंबई एक्स्प्रेस धरा. गुरुवारी सकाळी मुंबई, दुपारी ३ नंतर रॅपिड पीसीआर. या हिशोबात रिपोर्ट शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत चालतो, म्हणजे विमान चार-सहा तास लांबलं तरी पोटात गोळा नको.

मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा वाचा. तिकिटावर 'शुक्रवार ००:३०' असेल तर गुरुवारी रात्रीच विमानतळावर पाहिजे. इथं भलेभले एक दिवस चुकतात आणि मग ४८ चं सगळं गणितच सरकतं.

बेसनलाडू | रात्री १०:११

पेपर एकच, हॉलतिकिटं चार!

स्वॅबवाला | रात्री १०:५२

तिकीटमास्तरांचा हिशोब बरोबर आहे, पण 'संध्याकाळी रिपोर्ट घ्या' एवढं सोपं नाही. लॅबच्या बाजूनं सांगतो.

तास मोजायचे ते स्वॅब घेतल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. रिपोर्टवर तीन वेळा असतात: सॅम्पल घेतल्याची, लॅबला मिळाल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. विमान कंपनीचा माणूस पहिली बघतो. तालुक्याच्या ठिकाणची बरीच कलेक्शन सेंटरं फक्त स्वॅब घेतात आणि सॅम्पल पुण्याला किंवा औरंगाबादला पाठवतात. त्यांच्याकडून दोन घोटाळे होतात. एक, नोंद करताना घेतल्याची वेळ टाकतच नाहीत, मग सिस्टीम मिळाल्याची वेळ तिथं छापते. दोन, दुपारची गाडी चुकली की सॅम्पल दुसऱ्या दिवशीच्या बॅचमध्ये जातं. मशीनची एक फेरी दीड-दोन तासांची असली तरी नोंदणी, एक्स्ट्रॅक्शन, तपासणी धरून पाच-सहा तास जातात, आणि लॅब प्लेट भरल्याशिवाय फेरी लावत नाही. म्हणून स्वॅब देण्याआधी विचारायचं ते हेच: "चाचणी इथंच होते का बाहेर जाते? सॅम्पल निघायची शेवटची वेळ काय?" 'रिपोर्ट कधी मिळेल' या प्रश्नाला उत्तर कायम "संध्याकाळपर्यंत" असंच येतं.

एसआरएफ फॉर्म (स्वॅबसोबतचा नोंदणीचा फॉर्म) भरतानाच पासपोर्ट क्रमांक टाकायला सांगा. तो नंतर रिपोर्टवर चढवायचा म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, त्यात अर्धा दिवस. रिपोर्ट हातात आला की क्यूआर तिथंच मोबाइलनं स्कॅन करा. लॅबच्या साइटवर मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. काही रिपोर्टांवरचा कोड नुसतं नाव-वय दाखवतो. तो दुबईला चालत नाही.

दर: ७ डिसेंबरपासून राज्यात कलेक्शन सेंटरवर जाऊन दिला तर ३५० रुपये, रुग्णालयात किंवा कोविड सेंटरवर ५००, घरी बोलावलं तर ७००. 'परदेशी रिपोर्ट' म्हणून जास्त मागितले तर आदेश दाखवा.

मांजराकाठ | रात्री ११:०३

आरं देवा. घेतल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ वेगळी असते हे डोक्यातच नव्हतं.

गोदाकाठ_नांदेड | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

मुंबई-मुंबई काय करायलेत सगळे? मराठवाड्याच्या पूर्वेकडच्यांना हैदराबाद सोपं. नांदेडहून रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, उदगीर-देगलूरला तर दारातच. स्वॅब सकाळी दिला की संध्याकाळी शमशाबादच्या, म्हणजे हैदराबाद विमानतळाच्या वाटेला लागता येतं, रात्र गाडीत काढायची गरज नाही. रॅपिड पीसीआरची सोय तिथंही आहे. शिवाय परत येताना मुंबई महापालिकेच्या आदेशाचा ताप नाही.

तिकीटमास्तर | सकाळी ८:१५

गोदाकाठ, नांदेड-उदगीरसाठी मान्य. लातूर शहरासाठी नाही. लातूरहून हैदराबादला सोयीची रात्रीची गाडी नाही, एसटी संपावर आहे, म्हणजे खासगी गाडीच करावी लागणार. मुंबईला थेट गाडी आहे. आणि दुबईची उड्डाणं मुंबईहून कितीतरी जास्त; एक हुकलं तर त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा असते. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं अजून बंदच आहेत, सगळं एअर बबलवर (दोन देशांतल्या खास करारावर) चाललंय, त्यामुळं ही आशा लहान विमानतळावर जवळपास शून्य.

तो महापालिकेचा आदेश मात्र खरा आहे. डिसेंबरअखेर निघाला. दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या, मुंबईबाहेर राहणाऱ्यांना सार्वजनिक वाहनानं पुढं जाता येत नाही, त्यांच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवून गाडीची सोय करायची असं त्यात आहे. म्हणजे येताना रेल्वेचं तिकीट आधी काढून ठेवू नका.

इमरान_अंबाजोगाई | सकाळी ९:२०

आणि राज्यात सोमवारपासून रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी लागलीय. रात्री स्टेशनला जायचं असेल तर तिकिटाची छापील प्रत खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला की पोलिसांना काय दाखवणार?

चष्मेवाली_डॉक्टर | सकाळी ११:४५

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, ती प्रमाणपत्रावरच्या नावाची. कोविनचं (लसनोंदणीच्या सरकारी साइटचं) प्रमाणपत्र बहुतेकांचं आधारवरून झालंय, पासपोर्ट वेगळ्या कागदांवरून. आपल्याकडं नेमकं काय होतं? आधारवर 'दत्तात्रयराव', पासपोर्टवर 'दत्तात्रय'. आधारवर 'शेषाबाई', पासपोर्टवर 'शेषा'. आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. राव आणि बाई यांनी काउंटरवर जितका घोळ घातलाय तितका विषाणूनंसुद्धा घातला नसेल.

दुरुस्ती अशी करा. ज्या मोबाइल नंबरवर लस नोंदवली त्यानंच कोविनवर शिरा. 'रेज ॲन इश्यू'मध्ये आधी नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मगच पासपोर्ट क्रमांक जोडा. हा क्रम उलटा करू नका आणि अंक तीनदा वाचा, कारण दुरुस्तीची संधी पुन्हा पुन्हा मिळत नाही. दोन्ही डोस झालेल्यांना 'इंटरनॅशनल ट्रॅव्हल सर्टिफिकेट' असा वेगळा पर्याय दिसतो. त्यावर पूर्ण जन्मतारीख येते, नेहमीच्या प्रमाणपत्रावर नुसतं वय असतं. परदेशासाठी जन्मतारखेवालंच घ्या.

बाबा ६३ चे आहेत म्हणून: १० तारखेपासून साठीवरच्या, जुने आजार असलेल्यांना प्रिकॉशन (म्हणजे तिसरा) डोस सुरू झालाय, पण दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झालेले पाहिजेत. बसत असेल तर प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी घ्या. आदल्या दिवशी घेऊन विमानतळावर ताप घेऊन उभं राहू नका, तिथं तापमापक घेऊन बसलेत लोक.

फुलंब्रीकर | दुपारी १:१०

धागा थोडा वळवतो. अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पण हेच का? तिथं 'एक दिवस' म्हणतात. २४ तास धरायचे का?

तिकीटमास्तर | दुपारी १:३२

नाही, आणि हा फरक फायद्याचा आहे. ६ डिसेंबरपासूनचा अमेरिकेचा नियम तासांवर नाही, तारखेवर आहे. शुक्रवारी रात्री ११ चं विमान असेल तर गुरुवारी सकाळी ६ ला दिलेली चाचणीही चालते. दुसरं म्हणजे आरटीपीसीआरच पाहिजे असं नाही, अँटिजनही चालते. पंधरा मिनिटांत निकाल. फक्त घरी स्वतः केलेली, कुणाच्या देखरेखीशिवायची नको. लॅबचं नाव, नमुन्याची तारीख, चाचणीचा प्रकार असलेला कागद पाहिजे. चाचणी २ वर्षांच्या पोरापासून पुढं सगळ्यांना. लसीची अट १८ च्या आतल्यांना नाही.

औरंगाबादकरांनी एवढंच करावं: आदल्या दिवशी सकाळी अँटिजन, रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी मुंबई.

चष्मेवाली_डॉक्टर | दुपारी २:०५

आणि नुकताच कोविड होऊन गेला असेल तर त्यांच्याकडं वेगळी सोय आहे: ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र. निगेटिव्ह रिपोर्टच्या जागी ते चालतं.

याचं कारण असं की बरं झाल्यावरही विषाणूचे मेलेले तुकडे नाका-घशात राहतात. आरटीपीसीआर ते तुकडे वाढवून मोजते, जिवंत-मेलेलं तिला कळत नाही. त्यामुळं ठणठणीत माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटिजनला विषाणूचं प्रथिन भरपूर लागतं, म्हणून ती लवकर निगेटिव्ह होते.

पण फास पुढं आहे. अमेरिकेला त्या पत्रावर पोचाल, परत येताना भारताला आरटीपीसीआर निगेटिव्हच पाहिजे. मुक्काम लहान असेल तर तिथंच अडकाल.

मांजराकाठ, तुमच्या घरात सध्या कुणाला सर्दी-खोकला असेल तर आत्ताच सगळ्यांची चाचणी करून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी पॉझिटिव्ह येण्यापेक्षा आज आलेलं परवडतं, तारीख तरी बदलता येते.

पैठणगेट | दुपारी २:४०

फुलंब्रीकर, अमेरिकेहून परतताना अजून एक खड्डा. तिथल्या औषधदुकानात फुकट चाचणी मिळते, पण ती आरटीपीसीआरच आहे का ते कागदावर वाचा. झटपट निकालाच्या काही यंत्रांचं तंत्र वेगळं असतं. रिपोर्टवर 'नॅट' लिहिलेलं दिसतं आणि इकडच्या विमानाच्या काउंटरवर ते नाकारतात. आणि खरा आरटीपीसीआर यायला तिथं दोन-तीन दिवसही लागतात. ७२ तासांत शनिवार-रविवार आला की मेलात. जास्त पैसे देऊन त्याच दिवशीचा घ्या.

बेसनलाडू | दुपारी २:५५

इथं स्वस्तात ३५० ला मिळतो ती केवढी चैन आहे हे आज कळलं.

कयाधू | संध्याकाळी ५:२०

कोव्हॅक्सिनवाल्यांचं काय? हिंगोलीत बऱ्याच जणांना तीच मिळालीय.

पैठणगेट | संध्याकाळी ५:४८

जागतिक आरोग्य संघटनेनं ३ नोव्हेंबरला यादीत घेतली, त्यामुळं अमेरिकेला चालते. ब्रिटननं २२ नोव्हेंबरपासून मान्य केली. युरोपात देशागणिक वेगळं आहे, सरसकट काही सांगता येत नाही. ज्या देशात पहिलं पाऊल ठेवणार त्याचा नियम बघा, शेवटी जायचं त्याचा नंतर. युरोपसाठी अजून एक: १ फेब्रुवारीपासून दुसऱ्या डोसनंतर २७० दिवसच प्रमाणपत्र धरणार आहेत. गेल्या एप्रिल-मेमध्ये दोन डोस घेऊन मोकळे झालेल्यांनी कॅलेंडर काढा.

मांजराकाठ | संध्याकाळी ६:१५

अमेरिका-युरोप फिरून झालं असेल तर लातूरला परत या की! परतीचं राहिलंय.

स्वॅबवाला | रात्री ८:३०

घ्या. ११ जानेवारीपासूनचा नियम असा:

दुबईत विमानाच्या आधी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर. मग एअर सुविधाच्या (परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या सरकारी) साइटवर फॉर्म: मागच्या १४ दिवसांत कुठं होतात, पीएनआर, सीट नंबर, सोबत पासपोर्ट आणि रिपोर्टची पीडीएफ. मोबाइलवरनं काढलेले भले मोठे फोटो चढत नाहीत, आधी लहान करून घ्या. एकदा भरलेला फॉर्म दुरुस्त होत नाही, चुकलं की नवा भरायचा. म्हणून सीट नंबर मिळाल्यावरच भरा. दोघांचे फॉर्म वेगवेगळे. आलेला कागद छापून घ्या, काउंटरवर रांगेत उभं राहून इंटरनेट शोधत बसू नका.

इथं उतरल्यावर जोखमीच्या यादीतल्या देशांहून आलेल्या सगळ्यांची चाचणी होते आणि निकाल येईपर्यंत थांबावं लागतं. बाकीच्या देशांतून आलेल्यांपैकी २ टक्के निवडतात. पण सात दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी आरटीपीसीआर सगळ्यांनाच, तो रिपोर्ट एअर सुविधावर चढवायचा. ५ वर्षांखालच्या पोरांना चाचणी नाही.

इमरान_अंबाजोगाई | रात्री ९:००

आठव्या दिवसाच्या चाचणीला खासगीत जायची गरज नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं शासकीय, औरंगाबादची घाटी, नांदेडचं शंकरराव चव्हाण, या चारही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत लॅब आहे. मात्र स्वॅब देताना 'परदेशातून आल्यानंतरची आठव्या दिवसाची' असं लिहून घ्या. नाहीतर सर्वसाधारण ढिगाऱ्यात रिपोर्ट अडकतो.

विलगीकरणात खोली वेगळी, संडास वेगळा पाहिजे. वाड्यात सामाईक संडास असेल तर आठ दिवस दुसरी सोय बघा. आणि आल्या आल्या गावभर खजूर वाटायला निघू नका.

आनारसेवाली | रात्री ९:२५

खजुरावरून आठवलं. जाताना आईच्या बॅगेत काय जातंय ते तपासा. खसखस अमिरातीत बंदी आहे! अनारसे, खसखशीचे लाडू, खसखस घातलेला काळा मसाला, काहीच नको. आया डब्यांच्या तळाशी काय भरतील सांगता येत नाही.

बेसनलाडू | रात्री ९:३१

बेसनाला बंदी नाही ना? विचारून ठेवतो.

चष्मेवाली_डॉक्टर | रात्री ९:५०

आनारसेवालीताई शंभर टक्के बरोबर. औषधांचंही तसंच. ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथं नियंत्रित आहे, त्यांच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. गुडघेदुखीच्या पट्टीवर ट्रामाडॉल पॅरासिटामॉलबरोबर गपचूप बसलेलं असतं, मागची बारीक अक्षरं वाचा. शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याच्या ऐवजी दीड महिन्याच्या न्या. परतीला पॉझिटिव्ह आलं तर मुक्काम वाढतो. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत, डॉक्टरांचा शिक्का. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात गोठू शकतं. सॅनिटायझर १०० मिलीची बाटली. पाऱ्याचा तापमापक घरीच, डिजिटल न्या.

आणि विमा घेताना 'कोविडचा उपचार' आणि 'विलगीकरणाचा मुक्काम' या दोन गोष्टी वेगळ्या विचारा. पहिली बहुतेक ठिकाणी असते, दुसरी बऱ्याचदा नसते.

तिकीटमास्तर | १८ जानेवारी, सकाळी १०:१०

मुंबई महापालिकेचा दुबईवाल्यांसाठीचा तो वेगळा आदेश उठला. म्हणजे परतीची रेल्वे धरता येईल. केंद्राचं घरचं विलगीकरण मात्र आहेच.

गोदाकाठ, तुमचा एक मुद्दा कमी झाला बघा.

गोदाकाठ_नांदेड | सकाळी १०:४०

हाव, कमी झाला. उरलेले आहेत. रात्रभराच्या गाडीत साठीच्या माणसाला झोप नाही, वर सकाळी ८ ते दुपारी ३ मुंबईत बसायचं कुठं? विमानतळात तर आधी घेत नाहीत. हैदराबादला दुपारी पोचून थेट चाचणीला.

तिकीटमास्तर | सकाळी ११:०२

हे बाकी खरं. ठाण्याला किंवा दादरला उतरून अंधेरीजवळ दिवसापुरती खोली घ्यावी. रॅपिड पीसीआरला पोट रिकामं लागत नाही, पण अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नये, तंबाखू तर नकोच. (बाबांना सांगा.) आणि ६ तासांची खिडकी उघडली की लगेच रांगेत. पहिला निकाल 'अनिर्णित' आला तर दुसऱ्यांदा स्वॅब द्यायला वेळ उरतो. तीन तास आधी पोचलेल्याला तो उरत नाही.

मांजराकाठ | २१ जानेवारी, रात्री ८:२०

मुंबईचं तिकीट काढलं, गुरुवार रात्रीचंच. लॅब लातुरातली, चाचणी तिथंच करणारी, लेखी विचारून घेतलंय. नाव दुरुस्त झालं ('राव' उडाला). खसखस डब्यातून निघाली, खरंच होती.

पैठणगेट | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

धागा वर काढतो. कालपासून सात दिवसांचं विलगीकरण आणि आठव्या दिवसाची चाचणी गेली. १४ दिवस स्वतः लक्ष ठेवायचं, बस. ज्या ८२ देशांशी लसीची परस्पर मान्यता आहे तिथून येणाऱ्यांना लसीचं प्रमाणपत्र चढवलं तरी पुरतं. मांजराकाठ, आई-बाबा ज्या देशातून निघणार तो यादीत असेल तरच रिपोर्ट सोडा, नसेल तर ७२ तासांचा आरटीपीसीआर घ्याच.

कयाधू | २३ नोव्हेंबर २०२२, दुपारी १२:३०

कालपासून एअर सुविधाचा फॉर्मच बंद झाला. आता या धाग्याचं काम संपलं म्हणायचं का? पोराला कामासाठी केनियाला जायचंय. तिथं काही लागतं?

चष्मेवाली_डॉक्टर | दुपारी १:१५

कोविडचं सोडा, पिवळ्या तापाची लस बघा. सरकारमान्य केंद्रावरच मिळते, पिवळं पुस्तक देतात, त्यावर पासपोर्ट क्रमांक असतो. एक डोस जन्मभर चालतो, पण प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. नसेल तर परत येताना भारतच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत अडकवून ठेवतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा. केंद्रं ठरावीक वारीच टोचतात, आधी फोन करा. जायचं कधी आहे?

कयाधू | दुपारी १:२०

पुढच्या गुरुवारी.

बेसनलाडू | दुपारी १:२२

तिकीटमास्तर, उलटं मोजा!